सागवानातला ळ

माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त ऋणी कोणाचा आहे, हे सांगायला मला थांबून विचार करावा लागत नाही. आमच्या शाळेतल्या हस्तकलेच्या गुरुजींचा. त्यांना नाव आहे, आणि ते चांगलं आहे, पण ते मतदार यादीत आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, उखाण्यात सोडून कुठे वापरात असेल असं वाटत नाही. बाकी सगळ्या गावासाठी ते गुर्जी. मलाही त्यांचं नाव लिहायला जमत नाही, हात अडतो.

आमचं गाव आष्टीपासून जवळ, वैनगंगेच्या बाजूला. घरी धानाची शेती, उन्हाळ्यात आई-बाबा तेंदूपानाच्या कामावर. माझ्याआधी आमच्या घरातून कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. कॉलेज म्हणजे नेमकं काय करतात तिथे, हेही कोणाला माहीत नव्हतं. सातवीत गुरुजींनी माझ्या हातात कानस दिली आणि लोखंडाचा एक तुकडा शिकंज्यात धरून दिला. मी विळ्याला धार लावावी तशी पुढे-मागे घासू लागलो. ते म्हणाले, "पुढे जाताना काप, मागे येताना उचल. मागे येताना कानस झोपते." मी डोळे मिटून तो आवाज ऐकत बसलो. पुढे जाताना एक स्वर आणि मागे येताना नुसती शांतता. त्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले, "हा पोट्टा कानशीचा आवाज आइकते. याले शिकवा."

बारावीनंतर इंजिनीअरिंगला चंद्रपूरला सोडायला तेच आले. एस.टी.च्या टपावर माझी पत्र्याची पेटी होती आणि खाली आम्ही दोघं. हॉस्टेलच्या दारात त्यांनी एकच अट घातली. "फोन नको करू. फोनवर माणूस चुका लपवते. पत्र लिहीत जाय." मी लिहीत गेलो. माझं पत्र आठवड्याभरात मलाच परत यायचं, लाल शाईनं तपासलेलं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं, आणि समासात माझ्या प्रत्येक बातमीचं उत्तर. मेसचं जेवण नीट नाही असं मी लिहिलं की समासात असायचं, 'वरणात तिखट घालून खा.' खोलीतली मुलं हसायची. "काऊन बे, तुह्या पत्राचा पत्ता दरवेळी चुकते काय?" मला त्या लाल खुणा आवडायच्या. ते पान कोणीतरी सावकाश वाचलं आहे, हे त्यांतून दिसायचं.

निवृत्त झाल्यावर गुरुजींनी एका जुन्या शाळेतून मोडीत निघालेलं छोटं मिलिंग मशीन लिलावात घेतलं. आपल्या घराच्या बाजूच्या खोलीत, जिथे पूर्वी धान ठेवायचे, तिथे ते बसवलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांबून ते भोकं पाडायच्या ड्रिलसारखं दिसतं. वर कटर गरगर फिरतो, खाली लोखंडी टेबल असतं, त्यावर लाकूड किंवा धातू घट्ट धरायचा. फरक एवढाच की हे टेबल सरकतं. एक चाक फिरवलं की डावी-उजवीकडे, दुसरं फिरवलं की पुढे-मागे. सरळ खाच पाडायला एक चाक पुरतं. गोलाई पाडायची असेल तर दोन्ही हातांनी दोन्ही चाकं एकाच वेळी, वेगवेगळ्या वेगानं फिरवावी लागतात. डावा हात थांबत येतो तेव्हा उजवा धावत असतो, आणि दोघांमधून कुठूनतरी एक वळण जन्माला येतं. मी पुढे पुष्कळ मोठी यंत्रं पाहिली, पण तसं दुसरं काही पाहिलं नाही. डोळे अर्धवट मिटून गुरुजी चाकं फिरवत असत, तेव्हा ते यंत्र चालवतात असं वाटत नसे. कोणाला तरी झोका देत आहेत असं वाटे.

ते अक्षरं कोरायचे. सागवानाच्या वीतभर पाट्या आणि त्यांत बोट मावेल एवढी खोल, गुळगुळीत खाच. गावच्या अंगणवाडीसाठी. आमच्याकडच्या पुष्कळ मुलांची घरातली बोली वेगळी. कोणाची गोंडी, कोणाची झाडी. पुस्तकातली मराठी त्यांना पाहुणीसारखी भेटते. गुरुजींचं म्हणणं असं की जिभेआधी बोटाला अक्षर कळू द्यावं. मूल खाचेत बोट घालून फिरवतं, बोट आपोआप वळतं, थांबतं, खाली उतरतं. ग म भ न पासून सुरुवात करून त्यांनी सोप्याकडून अवघडाकडे जात सगळी अक्षरं केली. शेवटी फक्त ळ ठेवला होता. दोन वाटोळे एकमेकांना धरून, मध्ये कुठेही न थांबता. "त्याले हात मोकळा पाह्यजे," असं म्हणायचे. "घाई नाई."

मग त्यांच्या उजव्या हाताला कंपवात झाला.

मी तोवर गडचांदूरला सिमेंट कारखान्यात देखभाल विभागात लागलो होतो. सुट्टीत गावी गेलो तेव्हा खोलीतल्या मशीनवर जुनं लुगडं पांघरलेलं होतं. एखाद्या आजारी माणसावर टाकावं तसं, कडा नीट आत खोचून. गुरुजी ओसरीत खाटेवर बसले होते. उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला होता.

"गडचिरोलीच्या डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या," काकू म्हणाल्या. "गोळ्यानं कमी आहे. पण खोलीत जात नाईत. मी म्हटलं, जाऊन बसा तरी. तं म्हणते, मशीन मले पाह्यते."

गुरुजी हसले. "हात आइकत नाई आता. इतके वर्ष आइकलं त्यानं. रिटायर झाला."

तेवढ्यात अंगणवाडीच्या ताई रस्त्यानं जाता जाता कुंपणापाशी थांबल्या. "गुर्जी, ळ कधी देता? पोट्टे भिंतीपाशी पाट्या लावून शाळा लिहितात, न मधात वीतभर जागा सोडतात. एक पोट्टी तं तिथी स्वतः जाऊन बसते. म्हणते, मीच ळ."

सगळे हसलो. गुरुजींचं हसू मात्र लवकर संपलं. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही सांगा, मी चाकं फिरवतो. ळ आजच करू."

"तुह्या हातानं तुहा ळ येईन," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "माह्या हातात एक राह्यला होता. तो बाहेर आला असता तं बरं झालं असतं. जाऊ दे."

परतीच्या बसमध्ये माझ्या डोळ्यांपुढे ती जागा सोडलेली भिंत होती. शा, मग रिकामी वीत, मग काना.

चाकांना मोटर लावायची कल्पना नवी नाही. छंद म्हणून घरी मशीन ठेवणारे पुष्कळ लोक हे करतात. चाकाच्या मागे मोटर बसवायची; ही मोटर पंख्यासारखी एकसारखी फिरत नाही, सांगितलं तेवढीच, एकेक लहान पाऊल टाकत फिरते. कॉम्प्युटर सांगतो, कंट्रोलरची पेटी ते मोटरपर्यंत पोचवते, आणि टेबल सरकतं. कारखान्यात मी अशी तयार यंत्रं हाताळतो. पण गुरुजींच्या मशीनला हात लावायचा म्हणजे मला भीती वाटत होती. महिनाभर मी क्वार्टरच्या गॅलरीत बसून चित्रं काढली. समोर चुनखडीच्या खाणीचा पांढरा उजेड असतो, दुपारी त्यात सगळं धुवून निघाल्यासारखं दिसतं, आणि त्या उजेडात मला सारखं ते मशीन आपोआप हलताना दिसे. लुगडं पांघरलेलंच, पण आतून हळूहळू सरकणारं.

मोटरी आणि पेटी नागपूरहून आणली. गुरुजींना विचारलं तेव्हा त्यांनी आधी मोटरी कुठे बसतील ते समजून घेतलं. मग म्हणाले, "चाकं काढून फेकशीन काय?"

"नाही. मोटरीला मागूनही दांडा असतो. चाकं त्याच्यावर बसवू. मोटर बंद असली की हातानं फिरतील."

"मग लाव."

मोटर अडकवायला ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या कापून हव्या होत्या. त्या आम्ही त्याच मशीनवर कापल्या. त्या दिवशी गुरुजी बऱ्याच काळानं खोलीत आले, खुर्ची टाकून बसले आणि मी चाकं फिरवली. स्वतःच्या अंगावरचे कपडे स्वतःच शिवावेत तसं ते मशीन स्वतःचे सांधे स्वतः कापत होतं. खिडकीतून मोहाचा वास येत होता. ॲल्युमिनियमचे चमकते कीस जमिनीवर पडत होते आणि काकूंची कोंबडी ते टोचून पाहून निराश होत होती.

"तुले घाई झाली काय?" गुरुजी मधूनच म्हणत. "आवाज आइक. कटर बोंबलते."

मी वेग कमी केला की कटर शांत व्हायचा.

रविवारी रविवारी काम पुढे सरकलं. गावातले लोक येऊन दारात उभे राहत. शेजारचे भाऊ एकदा कंट्रोलरच्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्यात सिनेमा लागते काय?" काकू म्हणाल्या, "सिनेमाच चालू आहे. दोन महिन्याचा. हिरो बसून आहे न हा पडद्याच्या मागं वायरी जोडून राह्यला."

पहिल्यांदा ते चाललं तो दिवस मला अजून स्वप्नासारखा वाटतो. या मोटरींना एक सवय असते, त्या गातात. हळू चालल्या तर खर्जात, जलद चालल्या तर वर चढत. दोन मोटरी गोलाई घेतात तेव्हा एकीचा आवाज चढतो आणि दुसरीचा उतरतो, मग उलट. मी कॉम्प्युटरची कळ दाबली आणि त्या जुन्या धानाच्या खोलीत दोन आवाज एकमेकांत मिसळून गाऊ लागले. चाकं कोणी न धरता फिरत होती. डावं थांबत आलं तेव्हा उजवं धावत होतं. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. त्यांच्या मांडीवर डावा हात हळूच फिरत होता, आणि थरथरणारा उजवाही त्याच्यासोबत.

ग कोरून झाला. गुरुजींनीच सांगितलं होतं, पहिला ग. मी पाटी काढून भुसा फुंकला आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती जवळ धरली, लांब धरली, मग काकूंना हाक मारली.

"जरा आरसा आण."

ग उलटा आला होता. काना डावीकडे. कटर हलत नाही, टेबल हलतं, हे डाव्या-उजव्या चाकाच्या बाबतीत मी कॉम्प्युटरला सांगायला विसरलो होतो. टेबल डावीकडे गेलं की खाच लाकडात उजवीकडे जाते. हातानं करताना हे कोणाला आठवावं लागत नाही. हाताला ते ठाऊक असतं.

काकूंनी आरसा धरला. आरशात ग सुंदर दिसत होता.

"चार वर्ष चंद्रपूरले शिकला," काकू म्हणाल्या, "न उलटं लिहून आला."

"राहू दे," गुरुजी म्हणाले. त्यांना इतकं हसू येत होतं की हाताची थरथर कुठली आणि हसण्याची कुठली ते कळत नव्हतं. "अंगणवाडीत एक आरसा देऊन टाकू."

दिशा बदलली. दुसरा ग सरळ आला. मग मी वाटोळ्याची परीक्षा म्हणून ठ केला. डोळ्यांना तो गोल दिसला. गुरुजींनी खाचेत बोट घातलं, फिरवलं आणि मान हलवली.

"चार जागी अडते."

मी बोट फिरवलं. खरंच, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, नखाएवढा सपाट तुकडा. जिथे टेबल दिशा बदलत होतं, तिथेच. कारण मला माहीत होतं, कॉलेजात शिकलोही होतो. चाकामागचा टेबल सरकवणारा स्क्रू जुना झाला की त्यात ढील येते. चाक उलटं फिरवलं की आधी थोडं रिकामं फिरतं आणि मग टेबल हलू लागतं. मला कळत नव्हतं ते वेगळंच. ही ढील काही आज आली नव्हती. गुरुजींची ठ ची जुनी पाटी अंगणवाडीतून मागवली, तीत बोट कुठेही अडत नव्हतं.

"तुम्ही हे कसं करायचे?"

"काय करत होतो बा? काई नाई करत होतो."

मग त्यांनी उठून रिकाम्या मशीनची चाकं धरली, मोटरी बंद असताना. हात थरथरत होता, तरी फिरवून पाहिलं. मी मोटरीच्या दांड्याकडे बघत होतो. वळणाच्या जागी त्यांच्या मनगटानं एक लहानसा झटका दिला. रिकामी जागा झपकन ओलांडली, आणि मग पुन्हा सावकाश. बैलगाडी अरुंद गल्लीत वळवताना गाडीवान कासरा एकदम खेचतो आणि लगेच सैल सोडतो, तसा. त्यांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

"हे पाहा, हे," मी म्हटलं. "हा झटका."

"हा होय? हे तं मशीनची खोड आहे. जुन्या माणसाशी बोलताना जरा थांबून बोला लागते, तसं."

मी केसाएवढं अंतर दाखवणारी डायल लावून प्रत्येक स्क्रूची ढील मोजली आणि ती कॉम्प्युटरला सांगितली. वळताना एवढं जास्त जा, मग पुढचं मोज. पुढच्या ठ मध्ये बोट अडलं नाही. गुरुजींनी ते दोनदा फिरवून पाहिलं. मी उत्साहात होतो. कॉम्प्युटरमधल्या छापील अक्षरांतून ळ घेतला आणि त्याच दुपारी सागवानात कोरला. मशीन गात राहिलं. दोन वाटोळे, एकमेकांना धरून, कुठेही न अडता.

गुरुजींनी पाटी घेतली. "चांगला आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "छापील आहे." त्यांनी ती खिडकीत ठेवली आणि ओसरीत जाऊन बसले. "ताईले देऊन ये जाताना."

मी दिली नाही. निघताना काकू कुंपणापर्यंत आल्या. "चहा तसाच ठेवला त्यायनं," त्या म्हणाल्या. "तू मनाले लावू नको. मशीनले आता कोणाची गरज नाई राह्यली, एवढंच त्यायले दिसलं."

ती बस मला चांगली आठवते. ऊन उतरत होतं. वैनगंगेच्या पुलावर खाली वाळू आणि पाण्याचे निळे पट्टे एकमेकांत गुंतले होते, कोणी बोटानं अक्षरं गिरवून ठेवावीत तसे. मला वाटलं होतं गुरुजींचा हात मी यंत्राला दिला. खरं तर मी तो त्यांच्याकडून काढून घेतला होता. गोंडपिपरीनंतर रस्ता खराब होता. बस इतकी हलत होती की खिडकीची काच दातांसारखी वाजत होती. कंडक्टर दोन सीटांमध्ये पाय रोवून उभा होता आणि त्याचा हात धक्क्याधक्क्याला वर-खाली होत होता. कोणीतरी उतरायचं म्हणालं. त्यानं त्या हलणाऱ्या हातानं दोरी ओढली आणि पुढे ड्रायव्हरपाशी घंटी वाजली. एकच, स्वच्छ टिंग.

मी कोठारीपर्यंत त्या दोरीकडे पाहत राहिलो. हात हलत होता, दोरी हलत होती. घंटी वाजली की मात्र पूर्ण वाजायची. थरथरती घंटी असं काही नसतं.

पुढच्या रविवारी मी एक लाकडी खोका घेऊन गेलो. पिठाच्या गिरणीच्या स्टार्टरला असतात तशी मोठी बटणं त्यावर बसवली होती. डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे आणि चार कोपऱ्यांना तिरपी चार. एक बटण दाबलं की टेबल ज्वारीच्या दाण्याहूनही कमी सरकायचं आणि थांबायचं. हात थरथरून बटण लागोपाठ दाबलं गेलं तरी पहिलंच धरलं जाईल, अशी सोय केली होती. कटरच्या जागी मी पेन्सिल बसवली आणि टेबलावर कागद चिकटवला.

"हे काय आणलं?" गुरुजींनी विचारलं.

"एसटीची घंटी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे. उजवा हात उचलला. तो हवेत थरथरला, बटणावर टेकला, आणि दाबला गेला. मोटरीनं एक छोटा स्वर काढला. कागदावर एक रेघ आली, मुंगीएवढी, सरळ. त्यांनी पुन्हा दाबलं. आणखी एक मुंगी.

बराच वेळ ते नुसत्या रेघा ओढत होते. काकू दारात निवडायचं सूप घेऊन बसल्या.

"ळ चं पोट डाव्या बाजूले मोठं पाह्यजे," गुरुजी हळूच म्हणाले, स्वतःशीच. "पोट्टे डावीकडून शिरतात. शिरताना जागा पाह्यजे."

त्या एका ळ ला पुष्कळ दुपारी लागल्या. मी नसताना ते काकूंना मशीन चालू करायला सांगून बसायचे. चुकलं तर कागद फाडायचे. खोडरबर त्यांना चालत नसे. शाळेतही चालत नव्हता. जाता-येता लोकांना खोलीतून तुटक तुटक स्वर ऐकू यायचे, गाणं शिकणाऱ्या मुलासारखे. शेजारचे भाऊ म्हणाले, "मशीन बोलायले शिकून राह्यली काय?"

एका रविवारी गेलो तर कागदावर ळ होता. मुंग्यांच्या रांगेनं काढलेला. डावं पोट मोठं, उजवं थोडं वर उचललेलं, गुरुजींनी फळ्यावर काढलेला असायचा तसा. कॉम्प्युटरनं प्रत्येक पाऊल लक्षात ठेवलं होतं. मी त्या पावलांमधून एक सलग रेघ ओढून घेतली, पेन्सिल काढून कटर बसवला, आणि सागवानाची पाटी धरली. कळ मी दाबली नाही. ती त्यांनी दाबली.

दोन मोटरी गाऊ लागल्या. गुरुजी उभे होते. त्यांनी दोन्ही हात दोन्ही चाकांजवळ नेले, धरले नाहीत, नुसते जवळ ठेवले. चाकं त्यांच्या तळव्यांखाली फिरत राहिली. एक थांबत आलं, दुसरं धावलं. बाहेर कोणीतरी धान पाखडत होतं आणि आत सागवानाचा गोड, कोरडा वास भरून राहिला होता. ती दुपार मला फार लांब वाटली, आणि संपू नये असंही.

पाटी निघाली. गुरुजींनी खाचेत बोट घातलं. थरथरणारं बोट खाचेच्या दोन भिंतींमध्ये बसलं आणि गंमत अशी की तिथे ते थरथरलं नाही. खाचेनं ते धरून ठेवलं. पूर्ण फिरून बाहेर आलं.

"हा माहा आहे," ते म्हणाले.

काकू सूप बाजूला ठेवून उठल्या. "चला," त्या म्हणाल्या, "त्या पोट्टीले भिंतीपासून उठवून येऊ."

गडचांदूरला परतल्यावर त्या आठवड्यात मी गुरुजींना पत्र लिहिलं. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी माझी पत्रं तपासून पाठवणं थांबवलं होतं, आणि मीही हळूहळू फोनवर आलो होतो. ते पत्र असं होतं.

ती. गुरुजींना सादर प्रणाम.

मी नीट पोचलो. राजुऱ्याला बस बदलावी लागली, पण बसायला जागा मिळाली. कारखान्यात सगळं ठीक आहे. वरणात तिखट घालून खातो.

अंगणवाडीच्या ताईंचा फोन आला होता. भिंतीवर शाळा पूर्ण झाली आहे. मुलं दुसऱ्या अक्षरांपेक्षा ळ मध्ये जास्त वेळ बोट फिरवतात, कारण तिथून बाहेर पडावंसं वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. ती मुलगी आता फळा या शब्दात जाऊन बसते. तिथे पाटी कमी पडते, म्हणून ताई दुसरा ळ मागत आहेत. पहिल्या ळ ची पावलं कॉम्प्युटरमध्ये आहेत. कळ दाबली की तो जसाच्या तसा पुन्हा निघेल. पण तुम्हाला नवा काढावासा वाटला, तर कोरे कागद कपाटाच्या वरच्या खणात ठेवले आहेत.

मशीनच्या स्क्रूला महिन्यातून एकदा तेल द्यावं. लुगडं पुन्हा पांघरू नये, त्याचे धागे मोटरीत जातात. काकूंना ते परत द्यावं.

तुम्ही मला कानस दिली तेव्हा मी फार लहान होतो आणि ते काय दिलं हे मला कळलं नव्हतं. अजून पूर्ण कळलं आहे असं नाही. एवढंच सांगतो की कारखान्यात एवढ्या मोठ्या आवाजात उभा असतो, तरी एखादं बेअरिंग बिघडायच्या आधी मला ऐकू येतं. सगळे विचारतात, कसं कळलं. मी काही सांगत नाही. तुमचं नाव मला घेता येत नाही.

एक गोष्ट तिथे असताना बोललो नाही. पेन्सिलीच्या जागी लाल रिफिल बसते. मी मोजून पाहिलं आहे, आणि एक कपाटात ठेवलीही आहे. हे पत्र मी एका बाजूनंच लिहिलं आहे आणि समास रुंद सोडला आहे. टेबलावर कागद चिकटवायचा तसंच हे चिकटवावं. या पत्रात चुका असणारच. मी पुन्हा वाचून पाहिलेलं नाही.

घाई नाही. पत्र परत येईल तेव्हा येईल.

आपला विद्यार्थी